वेळ अमावस्या की येळवस?

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडचे लोक शेतात जेवायला जातात, त्या सणाला 'वेळ अमावस्या' म्हणतात. यातली 'वेळ' कसली? आमच्या शेजारच्या काकू औशाच्या, त्या 'येळवस' म्हणतात. शुद्ध रूप कोणतं?

निलंग्याहून : शुद्धाचं राहू द्या, जुनं कोणतं ते सांगतो. जुनं काकूंचं. मूळ शब्द कानडी, 'एळ्ळ अमावास्ये'. एळ्ळु म्हणजे तीळ. कानडीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' बोलताना 'ये' होतो, म्हणून येळ्ळु. 'अवस' तर आपलीच, अवस-पुनवेतली. येळ अधिक अवस, झाली येळवस. आता गंमत बघा. आमच्याकडे 'वेळ झाला'ला 'येळ झाला' म्हणतात. कुणा शिकलेल्याला वाटलं, हा 'येळ'ही गावठीच, आणि त्यानं सुधारून 'वेळ' करून टाकला. चुकलं ते सुधारणाऱ्याचं.

पुण्याहून : पण कानडीत येळु म्हणजे सात ना? ज्येष्ठापासून मोजलं तर मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते. मी हीच व्युत्पत्ती ऐकली आहे.

कलबुर्गीहून : सातचा 'ए' दीर्घ आणि 'ळ' एकेरी. तिळाचा 'ए' ऱ्हस्व आणि 'ळ' जोड. सणाच्या नावात आम्ही जोड ळ स्पष्ट म्हणतो. शिवाय ताटात बघा. त्या दिवशी सज्जी रोट्टीवर, म्हणजे बाजरीच्या भाकरीवर, तीळ लावलेलेच असतात. सात काय वाढणार?

निलंग्याहून : अगदी. आणि जेवणातले शब्दही सीमेपलीकडचेच. बाजरीचे उंडे घ्या, कानडीत 'उंडे' म्हणजे गोळा. आंबील नेतात ती बिंदगी म्हणजे त्यांची 'बिंदिगे', घागर. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून लसूण घातलेली ती आंबील गार प्यायची, वाटीनं नाही, तांब्यानं.

पुणेकरांसाठी एक सूचना : 'भज्जी' म्हणजे भजी नव्हे. कढईत तेल शोधू नका. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, हाताला लागेल ती पालेभाजी, वर चिंचेचा कोळ आणि बेसन लावून घट्ट शिजवलेली मिसळीची भाजी. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडून आधी त्यांना, मग आपल्याला. नंतर घरातला कुणीतरी डहाळी आंबिलीत बुडवून ज्वारी-हरभऱ्यावर शिंपडत फिरतो आणि ओरडतो, 'ओलगे ओलगे सालम पलगे!' लहानपणी अर्थ विचारला तर आजोबा म्हणायचे, 'मोठ्यानं म्हण, अर्थ पिकाला कळतो.'

कलबुर्गीहून : आमच्याकडे 'हुल्लुल्लिगो' असं सुरू होतं. त्यातला 'हुलुस' म्हणजे भरघोस, असं आम्ही मानतो. शिंपडण्याला 'चरग चेल्लुवुदु' म्हणतात.

पुण्याहून : सात मागे घेतो. पण 'वेळ' आता छापील झाला आहे, सुट्टीच्या पत्रकातही तोच असतो. तो काढणार कसा?

निलंग्याहून : काढायचा कशाला? पत्रकात राहू द्या, बोलताना येळवस म्हणा. आणि तारीख मात्र पंचांगात बघून या. 2024 साली 11 जानेवारीला एक झाली आणि 30 डिसेंबरला दुसरी, एकाच वर्षात दोनदा भज्जी खाल्ली आम्ही.