मदत हवी आहे: फूटपाथवर सायकल चालवायला बंदी आहे का? सोमवारच्या आत उत्तर हवंय

ओमची_आई (शुक्रवार, रात्री 9:40)
आज संध्याकाळी एका दुकानदाराने माझ्या मुलाची सायकल फूटपाथवर अडवली. चावी काढून घेतली, चाकातली हवा सोडली आणि "परत इथून आलास तर पोलिसात देईन" म्हणाला. पोर रडत, सायकल ढकलत घरी आलं. मला एवढंच सांगा: फूटपाथवर सायकल चालवायला कायद्याने बंदी आहे का? असेल तर कुठल्या कायद्याने? आणि दुकानदाराला असं करायचा अधिकार आहे का? सोमवारी परत क्लास आहे. "रस्त्यावरून चालवू दे" असं कृपया कुणी सांगू नका, ते शक्य नाही.

चक्रधर
कुठला रस्ता? मुलगा केवढा? किती वाजता जातो? हे कळल्याशिवाय काय सांगणार? पारशी कॉलनीतला फूटपाथ आणि स्टेशनबाहेरचा फूटपाथ यांना एकच उत्तर नसतं.

नियमांची_बाजू
बंदी नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा, आणि सायकल त्याच्या व्याख्येत बसतच नाही. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये फूटपाथवर आणि सायकल ट्रॅकवर वाहन घालायला मनाई आहे, पण ती मोटार वाहनाला. त्यामुळे बिनधास्त चालवू द्या. दुकानदाराविरुद्ध तक्रार करा.

रोज_28_किमी
ताई, मी गेली सहा वर्षं ठाण्याहून विक्रोळीला सायकलने कामाला जातो. तुमचा प्रश्नच चुकलाय. सायकल हे वाहन आहे, तिची जागा रस्त्यावर. फूटपाथवर चालवणं रस्त्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण प्रत्येक सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर येते तेव्हा ड्रायव्हर रस्त्याकडे बघत असतो, फूटपाथवरून येणारी सायकल त्याला दिसत नाही. मुलाला चमकणारं जॅकेट घ्या, पुढे पांढरा मागे लाल दिवा लावा आणि कडेला चिकटून न चालता लेनमध्ये ठामपणे चालवायला शिकवा. दोन रविवारी मी स्वतः येऊन शिकवतो.

ओमची_आई
रोज_28_किमी, तुम्ही मोठे आहात. तो 12 वर्षांचा आहे, सातवीत. रस्ता मुंबईचा एलबीएस (लालबहादूर शास्त्री मार्ग), भांडुप पश्चिमेहून मुलुंडच्या पाच रस्ता चौकापर्यंत, साधारण तीन किलोमीटर. जाताना साडेपाच, येताना आठ. मेट्रो 4 च्या कामामुळे रस्त्याला कडच उरलेली नाही. पत्र्याला घासून बेस्टची बस जाते, तिच्या आणि पत्र्याच्या मधे माझा मुलगा? लेनमध्ये ठामपणे? मागचा डंपर हॉर्न दाबून धरतो तेव्हा मी स्कूटीवर असूनही थरथरते.

रोज_28_किमी
भीती समजते. पण भीतीपोटी आपण सगळे फूटपाथवर चढलो तर रस्त्यावर सायकलला जागा द्या म्हणून मागणार कोण? सी लिंकवर सायकल नाही, फ्रीवेवर नाही, अटल सेतूवर नाही, कोस्टल रोडच्या मुख्य रस्त्यावर नाही. आता एलबीएसही सोडून द्यायचा?

चक्रधर
पोराच्या जिवावर चळवळ उभी करू नका. तुम्ही लढा, तिला सोमवारचं उत्तर हवंय.

वकील_घाटकोपर
नियमांची_बाजू यांनी अर्धंच सांगितलं आणि ते अर्धं या ताईंना अडचणीत आणेल. मोटार वाहन कायदा लागू नाही हे बरोबर. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 लागू आहे. फूटपाथवर बाबागाडी सोडून कुठलंही वाहन चालवायला त्यात मनाई आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत वाहनामध्ये सायकल स्पष्टपणे धरलेली आहे. म्हणजे मुंबईत बंदी आहे. अंमलबजावणी सहसा होत नाही ही गोष्ट वेगळी.
दुसरा भाग: दुकानदाराला चावी काढून घ्यायचा, हवा सोडायचा काडीचा अधिकार नाही. पोलिसांना बोलवा, एवढंच तो म्हणू शकतो.
सायकलवरून उतरून ती ढकलत नेणाऱ्याला कुणी "चालवतोस का" म्हणून पकडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, सोमवारी कामाला येईल.

नियमांची_बाजू
ती बाबागाडीची तरतूद लक्षात नव्हती. मान्य. पण मग फूटपाथवर मोटारसायकली चढवणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांना कुणी काही म्हणत नाही आणि लहान मुलाला अडवतात, हे मला पटत नाही.

योकोहामाकर
इथे जपानमध्ये 13 वर्षांखालच्या मुलांना, 70 च्या पुढच्यांना आणि अपंगांना फूटपाथवर सायकल चालवायची मुभा आहे. बाकीच्यांनी रस्त्यावर, फलक लावून परवानगी दिली असेल तिथे अपवाद. पण मुभेबरोबर अट आहे: रस्त्याच्या बाजूने, अगदी सावकाश, आणि चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं. चालणाऱ्यांनी बाजूला व्हावं म्हणून घंटी वाजवायची नाही. ओम इथे असता तर फार तर वर्षभर चालला असता.

दादरची_मीनल
जर्मनीत आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फूटपाथवरच चालवायची असते आणि दहापर्यंत चालवता येते, लहान मुलाबरोबर मोठं माणूसही चालवू शकतं. माझी बहीण तिथे आहे. आपल्याकडे वयाचा विचारच नाही, सगळ्यांना एकच नियम.

रोज_28_किमी
तिकडचे फूटपाथ आणि आपले यांची तुलना कशी करणार? जो आहे त्यावर बोला.

सांगलीचे_आप्पा
आमच्या लहानपणी सांगलीत सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसेल तर हवालदार शिट्टी मारायचा, डबलसीट दिसले की दोघांना उतरवायचा. मी स्वतः डायनॅमो बंद पडला म्हणून सायकल हातात धरून तीन मैल चाललोय. शिस्त होती. तेव्हा फूटपाथवर सायकल घालायची कुणाची छाती नव्हती. मुलाला डायनॅमो बसवा, बॅटरीच्या दिव्यापेक्षा कधीही चांगला.

चक्रधर
आप्पा, तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या तेही सांगा.
ओमची आई, एक विचारतो, राग मानू नका. दुकानदार उगाच उठून हवा सोडत नाही. त्याआधी काही झालं होतं का?

ओमची_आई (शनिवार, सकाळी 7:15)
हो. काल लिहायला हवं होतं. रागात होते, आणि मुलाने पण मला रात्री जेवताना सांगितलं. सोनापूर सिग्नलच्या अलीकडे बसस्टॉप, झाड आणि विजेची पेटी एकापाठोपाठ आहेत, तिथून एका वेळी एकच माणूस जातो. पुढे एक आजी भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. याने घंटी वाजवली. त्या दचकून त्याच बाजूला वळल्या आणि हँडल त्यांच्या कोपराला लागलं. पडल्या नाहीत, दुकानाच्या कठड्याला धरलं त्यांनी, पण टोमॅटो सगळे रस्त्यावर. दुकानदार धावत आला तो यासाठी. फूटपाथवरून जा असं मीच सांगितलं होतं त्याला. माझंच चुकलं का?

सुहासिनी_71
तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी रोज अशाच एका फूटपाथवरून दूध आणायला जाते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मागून येणारी सायकल आम्हाला ऐकू येत नाही. घंटी वाजली तर कळतं की काहीतरी आलं, पण डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही, आणि शरीर विचार करायच्या आत वळतं. चपळपणे बाजूला होणं आता आमच्या पायांना जमत नाही. रस्त्यावर उतरायची तर सोयच नाही, म्हणून आम्ही भिंतीला धरून चालतो. ती तेवढी एक पट्टी आमच्यासाठी उरली आहे. माझ्या मैत्रिणीचा खुबा असाच एका धक्क्याने मोडला, मोटारसायकल होती ती, पण वेगही फार नव्हता. ती नंतर घराबाहेर पडली नाही.
तुमच्या मुलाचा मला राग नाही. तो बसखाली यावा असं कोण म्हणेल? पण त्या आजींना आज रात्री झोप लागणार नाही आणि उद्या त्या भाजीला जायच्या आधी दोनदा विचार करतील, हे मला माहीत आहे. त्यांना एकदा भेटून या.

रस्ते_अभियंता
सुहासिनीताईंच्या प्रतिसादाला दुजोरा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे खांब, झाड, पेटी सोडून उरलेली. व्हीलचेअरवरच्या दोन माणसांना एकमेकांच्या बाजूने जाता यावं म्हणून ती ठरवली आहे. सायकलचं हँडल धरा 60 सेंटीमीटर, त्यात लहान मुलगा डुलतच चालवणार. समोरून पिशव्या घेतलेला माणूस आला की 1.8 सुद्धा पुरत नाही. आणि जिथे एकच माणूस जातो असं तुम्ही म्हणता तिथे तर प्रश्नच मिटला.
दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेल्या बोलार्डमधून (बुटक्या खांबांमधून) व्हीलचेअरच जात नव्हती, 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळ्याविना फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे. तो चालणाऱ्याचा हक्क आहे. मूल रस्त्यावर असुरक्षित आहे याचा दोष ज्यांनी रस्त्यात त्याला जागा ठेवली नाही त्यांचा, पण त्याची भरपाई आजींनी का करायची?

भांडुपचा_पक्या
मला कळत नाही तुम्ही सगळे तानसा जलवाहिनीच्या कडेचा सायकल ट्रॅक का विसरता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची 10 मीटर जागा मोकळी करायची होती, तिथेच मुलुंड ते धारावी 39 किमीचा ट्रॅक महापालिकेने आखला होता. भांडुप, मुलुंड दोन्ही त्यावर. तो सलग झाला असता तर आज हा धागाच निघाला नसता. सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला पत्र देऊ, मसुदा मी करतो.

चक्रधर
पत्र जरूर द्या, माझी सही धरा. पण साडेपाचचा क्लास सोमवारी आहे, आणि आठ वाजता अंधारात निर्जन पाइपलाइनच्या कडेने 12 वर्षांचा मुलगा मी पाठवणार नाही.

दादरची_मीनल
फेरीवाले हटवले तर फूटपाथ आपोआप रुंद होतील. 2017 मध्येच उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत म्हटलं होतं.

रस्ते_अभियंता
हा प्रश्न स्टेशनजवळचा नाहीच. ताईंनी झाड आणि विजेची पेटी लिहिलंय.

पूर्वेचा_निखिल
पूर्व द्रुतगती महामार्गाचा सर्व्हिस रोड वापरा ना. मी रविवारी तिथून ऐरोलीपर्यंत जातो. मस्त.

वकील_घाटकोपर
घर पश्चिमेला, क्लास पश्चिमेला. दोनदा रेल्वे ओलांडून महामार्ग गाठायचा?

मेधा_नाहूर
मी त्याच भागात राहते, मुलीला तीन वर्षं सायकलने पाठवलं. आमचा मार्ग सांगते. अख्खा एलबीएस धरायचाच नाही. भांडुपच्या बाजूला जेवढं आतल्या गल्ल्यांतून जाता येतं तेवढं जायचं, तिथे गाड्या हळू असतात आणि मूल रस्त्यावरूनच चालवतं. सोनापूर सिग्नलच्या आधी उतरायचं. तो चिंचोळा तुकडा सायकल हातात धरून चालायचं, पण भिंतीला चिकटायचं नाही, नाहीतर समोरच्या माणसाला भिंतीचा आधार आपल्यामुळे सोडावा लागतो, आणि तो आला की आपण थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. मुलुंडची हद्द लागली की परत आत वळायचं. पहिल्या आठवड्यात मी मागे चालत गेले. येताना आठ वाजता मात्र मी घ्यायला जायचे, अंधारात कधीच एकटी सोडली नाही.

ओमची_आई
मेधाताई, उतरून ढकलायला किती वेळ लागतो?

मेधा_नाहूर
मुलीला दहा-बारा मिनिटं लागायची. क्लासला निघायची वेळ तेवढी अलीकडे घ्या.

रोज_28_किमी
मेधाताईंचा मार्ग मला मान्य आहे. लेनमध्ये चालवायला शिकवा म्हणालो ते 12 वर्षांच्या मुलासाठी घाईचं होतं. गल्ल्यांमध्ये चालवायला तरी नीट शिकू दे, वळताना हात दाखवणं, मागे वळून बघणं. ते मी शिकवीन, शब्द कायम आहे.

ओमची_आई (रविवार, दुपारी 1:30)
सकाळी ओमबरोबर अख्खा मार्ग चालून आले. ढकलायचा तुकडा 14 मिनिटांचा झाला. दुकानात गेले. दुकानदाराने चावी काढून हातात दिली, हवा सोडल्याबद्दल काही बोलला नाही, मीही काढलं नाही. आजी कुठे राहतात ते त्यालाच माहीत होतं, मागच्याच चाळीत. कोपर काळंनिळं आहे, हलवता येतंय. ओमने टोमॅटो नेले होते, तोंडातून शब्द फुटेना त्याच्या. आजींनी पिशवी घेतली आणि विचारलं, "कितवीत आहेस रे?" सुहासिनीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून गेले.
उद्यापासून मेधाताईंच्या मार्गाने. येताना मी जाईन. 20 इंची सायकलला बसेल असा मागचा लाल दिवा कुणाकडे जुना आहे का? दुकानं आज बंद आहेत.

सुहासिनी_71
बरं केलंत.

सांगलीचे_आप्पा
डायनॅमोच बसवा.

रोज_28_किमी
माझ्याकडे एक आहे, चालू स्थितीत. उद्या पाच वाजता सोनापूर सिग्नलला आणून देतो. सीटच्या दांड्याची जाडी मोजून सांगा.