काचबिंदूमुळे नजर गेलेल्या सासूबाईंना पुन्हा स्वयंपाक करायचाय. काय काय बदलू?

नौपाड्याची सून:
सासूबाई ६८ वर्षांच्या. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलीये. गेलेली परत येणार नाही, उरलीये तेवढी टिकवायला थेंब चालू आहेत. मागच्या महिन्यात फोडणी देताना मनगट भाजलं, तेव्हापासून आम्ही त्यांना ओट्यापाशी येऊच देत नाही. काल म्हणाल्या, "मला नुसतं बसवून ठेवू नकोस गं." रात्रभर झोप लागली नाही. पाइपचा गॅस आहे. इंडक्शन घेऊ का?

नेरूळवासी:
ताई, मला स्वतःला आरपी (डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजार) आहे, बावीस वर्षं हाताच्या अंदाजानेच रांधतेय. सपाट टच पॅनलचं इंडक्शन अजिबात घेऊ नका, बोटाला काही लागतच नाही. त्यांच्या हाताला गॅस ओळखीचा आहे, तोच राहू द्या. नॉबच्या टोकाला एम-सीलचा ठिपका लावा, म्हणजे बंद आहे की बारीक ते बोटाला कळतं. भांडं आधी शेगडीवर मधोमध बसवायचं, मगच पेटवायचं. ओढणी, सैल बाह्या नकोत.

फोडणीचं नीट सांगते, कारण भीती तिचीच असते. थंड कढईत तेल आणि मोहरी एकत्रच घालायची, झाकण ठेवायचं आणि मंद आंचेवर ऐकत राहायचं. तडतड ओसरली की गॅस बंद, आणि मग हिंग, हळद, कढीपत्ता. कढीपत्ता कोरडा पुसलेला हवा, ओला असला की तेल उडतं. मोहरी टाकायला गरम तेलावर हात न्यायची वेळच येत नाही.

डाळी हाताला कळतात, भातावरचं पाणी तर आपण सगळ्याच पेराने मोजतो. गल्लत होते ती पिठांची. त्या डब्यांना रबर लावा, एक म्हणजे कणीक, दोन म्हणजे बेसन. मीठ चमच्याने नाही, चिमटीने.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ओट्यावरची वस्तू घरातल्या कोणीही हलवायची नाही. सांडशी इकडची तिकडे झाली की मी आंधळी होते, एरवी नाही.

कोपरीकर:
थोडं अंधुक दिसत असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर पांढरा कटिंग बोर्ड ठेवा, आमच्या वडिलांना फार उपयोग झाला. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड हातमोजेही घ्या. वरळीला 'नॅब' आहे, १९५२ पासूनची अंधांसाठीची संस्था, तिथे चौकशी करा. तुमच्या मिस्टरांचे डोळेही तपासून घ्या. काचबिंदू बरेचदा घराण्यात असतो, सहसा दुखत नाही आणि कडेची नजर आधी जाते, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही.

नौपाड्याची सून:
खूप आभार. ह्यांची शनिवारची वेळ घेतलीये. आज वरणाला फोडणी सासूबाईंनीच दिली. मी शेजारी उभी होते, हात लावला नाही. मोहरी थांबल्यावर त्याच म्हणाल्या, "झाली." आता पोळ्या करायच्या म्हणतायत! तवा तापलेला कसा ओळखायचा?

नेरूळवासी:
तव्यापासून वीतभर वर, बाजूने तळहात धरायचा, धग कळते. पोळी लाटण्यावर गुंडाळून न्यायची आणि पलीकडच्या काठापासून आपल्याकडे सोडत आणायची. उलटायला लांब चिमटा. पहिले आठ दिवस दोनच पोळ्या, त्याही दुपारी, घाई नसताना.