खोक्यातलं मॅन्युअल वाचता का? तुमचे अनुभव सांगा

त्रिमूर्तीनगर

मार्च संपत आला की आपल्या नागपुरात माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, पंप सुरू होतो का पाहायचं. ही कामं आपण घरातल्या मोठ्यांचं पाहून शिकलो. पण आता घरात इन्व्हर्टर आहे, आरओ आहे, वॉशिंग मशीन आहे, बीपी आणि साखर मोजायची यंत्रं आहेत. ती कोणाचं पाहून शिकायची? प्रत्येक खोक्यात एक पुस्तिका येते आणि बहुतेक घरांत ती वॉरंटी कार्डासोबत ड्रॉवरमध्ये जाते ती जातेच.

माझं मत आधीच सांगते. पुस्तिकेची पहिली दोन-चार पानं वाचल्याशिवाय प्लग लावू नये, आणि घरात ज्याला वाचता येतं त्याने इतरांना वाचून दाखवावं. आमच्या शेजारच्या काकू दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवायच्या आणि रात्रभर चिकचिक होते म्हणून वैतागायच्या. त्यांच्याच कूलरच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलं होतं की कूलर खिडकीला लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, म्हणून हवा गार होते. खोलीतली ओली हवा बाहेर गेलीच नाही तर पुढचं पाणी वाळणार कसं? काकूंना ते पान वाचून दाखवलं, समोरची खिडकी उघडली, आणि त्यांची तक्रार संपली.

पुस्तिका येते ती कंपनीच्या कूलरसोबत. आपल्याकडे घरोघरी टीनाचे, कारागिराने बनवलेले कूलर आहेत, त्यांच्यासोबत कागदाचा कपटाही येत नाही. आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येतेच. त्याबद्दल जाणकारांनी जरूर लिहावं. बाकीच्यांनी सांगा, तुम्ही वाचता का? वाचून काय हाती लागलं? न वाचताही चालतं असं वाटत असेल तर तेही लिहा.

इमामवाडा, वायरमन

ताई, टीनाच्या कूलरचं काढलं ते बरं केलं. उन्हाळाभर माझं तेच काम असते.

या कूलरमध्ये पंप पान्यात बुडलेला अन् पंख्याची मोटार ओल्या हवेत. पंपाचं सील गेलं, नाईतर वायरचं वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं, की करंट पान्यात अन् पत्र्यात उतरते. कूलर मात्र चालूच राहते, म्हनून कोनाले काही समजत नाई. मग कोनी ओल्या फरशीवर अनवानी पायानं पानी भराले जाते अन् पत्र्याले हात लावते.

कंपनीच्या कोनत्याही कूलरचं मॅन्युअल उघडा, सुरुवातीलेच दोन गोष्टी सापडतील. पानी भरताना स्विच बंद करून प्लग काढा. अन् तीन पिनचा प्लग अर्थिंगवाल्या सॉकेटातच लावा. लोक काय करतात, सॉकेट दोन पिनचं दिसलं की वरची जाड पिन कापून टाकतात. जीव वाचवनारी पिन तीच आहे. पत्र्यात उतरलेल्या करंटले जमिनीत जायचा रस्ता तिच्यातून असते.

काही जन म्हनतात, भाऊ, आमच्याकडे एमसीबी आहे. एमसीबी पडते लोड वाढला तर, नाईतर शॉर्टसर्किट झालं तर. मानसाच्या अंगातून जानारा करंट जीव घेन्याइतका असला तरी एमसीबीसाठी तो फारच कमी असते, तो पडतच नाई. त्याच्यासाठी आरसीसीबी पायजे, 30 मिलिअँपिअरवाला. गेलेला करंट अन् परत आलेला करंट यांच्यात तेवढा फरक पडला की तो लाइन तोडते. अर्थिंग पायजे अन् हापन पायजे, एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका.

मी ज्याच्या घरी टीनाचा कूलर जोडून देतो, त्याच्या पत्र्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून देतो: पानी भरायच्या आधी प्लग काढा. मॅन्युअल नाई तर हेच मॅन्युअल.

धरमपेठ

आईसाठी ग्लुकोमीटर घेतला तेव्हा त्यात घड्या घातलेला भलामोठा कागद होता, अक्षरं अगदी बारीक. भिंग घेऊन संपूर्ण वाचला. त्यात एक ओळ होती: बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. मला वाटलं होतं, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून असेल.

हिवाळ्यात आमच्याकडे पेटीने संत्री येतात. एका दुपारी आई नातवाला संत्री सोलून देत होती, तशीच उठली आणि बोट टोचलं. आकडा इतका चढलेला की घरात सगळे घाबरले. मला ती ओळ आठवली. आईला नळाखाली हात धुवायला लावले, पुसले, दुसरं बोट टोचलं. आकडा नेहमीइतकाच! संत्र्याचा रस बोटाला होता आणि रक्ताच्या त्या एवढ्याशा थेंबात त्याची साखर मिसळली होती.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की जपानच्या डॉक्टरांनी हे तपासून 2011 मध्ये प्रसिद्ध केलं आहे. संत्रं, द्राक्षं, किवी सोलून हात न धुता रक्त घेतलं की आकडा खोटा चढतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवूनही तो चढलेलाच राहतो, पाण्याने धुतल्यावरच खरा येतो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने असा आकडा पाहून डोस वाढवला तर काय होईल, विचार करा. संत्र्यांच्या गावात ही गोष्ट प्रत्येक मधुमेहीच्या घरी माहीत असायला हवी, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

त्याच कागदात तापमानही दिलेलं आहे. आमचं यंत्र 10 ते 40 अंशांत चालतं आणि स्ट्रिप्स 30 अंशांच्या आत ठेवायच्या, फ्रीजमध्ये मात्र नाही. मे महिन्यात आम्ही डबी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवतो, पण कूलरच्या झोतात नाही. स्ट्रिप्सना दमट हवा सोसत नाही.

मानेवाडा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी मॅन्युअल वाचत नाही आणि मला त्याची गरज वाटत नाही. फोन सुरू केला की तो स्वतःच सगळं विचारत जातो. ट्रायपॉड, राउटर, बाबांचं ड्रिल मशीन, सगळं व्हिडिओ पाहून शिकलो. बिट कसा बसवायचा हे चित्रात पाहून कळत नाही, हाताची हालचाल दिसली की लगेच कळतं. छापील पुस्तिकेत दहा भाषा असतात आणि कामाची पानं थोडीच. कंपन्यांनी खोक्यावर एक क्यूआर कोड आणि चांगला व्हिडिओ द्यावा, ते जास्त लोकांपर्यंत पोहोचेल.

हिंगणा रोड, वॉशिंग मशीन दुरुस्ती

मानेवाड्याच्या भावाला सांगतो. व्हिडिओ मीही पाहतो, पण व्हिडिओतलं मॉडेल आणि घरातलं मॉडेल एकच आहे का, हे आधी पाहावं लागतं. एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्ये एरर कोडचा अर्थ वेगळा निघतो. मी साइटवर गेलो की पहिलं मॅन्युअल मागतो.

समोरून दार असलेलं मशीन नवीन येतं तेव्हा मागच्या बाजूला ट्रान्झिट बोल्ट असतात. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून तो त्यांनी जखडलेला असतो. सुरू करण्याआधी ते काढायचे, भोकांना टोप्या लावायच्या आणि बोल्ट जपून ठेवायचे, घर बदलताना परत लागतात. पुस्तिकेत हे अगदी सुरुवातीला ठळक लिहिलेलं असतं. तरी डिलिव्हरीवाला मशीन ठेवून जातो, घरचे प्लग लावतात, आणि स्पिनच्या वेळी मशीन बाथरूमभर नाचतं. लोकांना वाटतं, खराब माल दिला. तसंच चालवत राहिलं तर आतले पार्ट खरोखर जातात.

बोअरचं पाणी असेल तर जड पाण्याचं पानही वाचा. पावडर किती टाकायची आणि क्षार काढायची सायकल कधी चालवायची, दोन्ही तिथे सापडतं.

महाल

शिवणाच्या मशीनची पुस्तिका माझ्या सासूबाईंनी डब्यात सुईदोऱ्यासोबत जपून ठेवली होती. सुईची चपटी बाजू कोणीकडे ठेवायची हे मशीनपरत्वे बदलतं. ती उलटी बसली की टाका सुटतो आणि आपण उगाच दोऱ्याचा ताण पिळत बसतो. तेल कुठे-कुठे सोडायचं त्या जागाही चित्रात बाणांनी दाखवल्या आहेत. आजही मी ते पान उघडूनच तेल घालते.

काटोल, सध्या नागपुरात

आमची काटोलला संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. फवारणी पंपासोबत पुस्तिका येते, औषधाच्या खोक्यात घडीपत्रक येतं. त्या पत्रकाबद्दल लिहितो.

2017 मध्ये आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. पत्रक वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

बाटलीवर चौकोनात त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, तेही विषच आहे. आत पत्रकात प्रमाण, कोणत्या पिकावर चालतं, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, आणि बाधा झाली तर डॉक्टरांनी कोणता उतारा द्यायचा, हे सगळं दिलेलं असतं. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर पहिलं विचारतील, औषध कोणतं होतं. म्हणून ते पत्रक खिशात पाहिजे.

पण फवारणारा माणूस कोण असतो? रोजीवर आलेला. त्याच्या हातात पंप येतो, पत्रक मालकाच्या घरी राहतं. काहींना वाचता येत नाही, येत असलं तरी उन्हात उभं राहून ती अक्षरं दिसत नाहीत. मी सकाळी बांधावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवतो. वारा समोरून असेल तर फवारायचं नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हातमोजे, मास्क मी देतो, आणि ज्याला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी वाटेल त्याने लगेच काम थांबवायचं, त्याची रोजी कापत नाही. मालक लोकहो, हे वाचून दाखवणं आपलं काम आहे. कृषी केंद्रवाल्यानेही बाटली विकताना तो त्रिकोण बोटाने दाखवायला पाहिजे.

अजनी, आयटीआयमध्ये शिकवतो

एसी घेणाऱ्यांसाठी. पुस्तिकेत किंवा बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर टी1 किंवा टी3 लिहिलेलं पाहा. हे हवामानाचे वर्ग आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात टी1 यंत्राची कमाल चाचणी बाहेरच्या 43 अंशांवर होते, टी3 ची 52 वर. नागपूरचा मे 45 च्या पुढे जातो, आणि गच्चीवर भिंतीलगत ठेवलेल्या युनिटभोवतीची हवा त्याहून गरम असते. भर दुपारी एसी बंद पडतो तो अनेकदा बिघाडाने नाही, उष्णतेमुळे स्वतःला वाचवण्यासाठी. युनिटच्या मागे-पुढे किती जागा मोकळी सोडायची याची आकृती पुस्तिकेत असते. ती बसवणाऱ्याला दाखवा आणि तेवढी जागा सोडायला लावा.

गोकुळपेठ

कुकरच्या पुस्तिकेतली एक ओळ सगळ्यांनी पाळावी. डाळ-तांदूळ शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस वर चढून वाफेची नळी तुंबते, आणि नळी तुंबली की सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर.

नंदनवन, निवृत्त शिक्षिका

पुस्तिका हरवली असेल तर यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाका. बऱ्याच यंत्रांची पुस्तिका तिथे मिळते. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात, मराठी क्वचित. म्हणून आमच्या इमारतीतल्या आजी-आजोबांसाठी मी बीपीच्या यंत्राचं एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर सरळ, पट्टा छातीच्या उंचीला, मोजताना बोलू नका. ज्यांना आपल्या घरासाठी हवं असेल त्यांनी उतरवून घ्या.

त्रिमूर्तीनगर

इमामवाड्याच्या भाऊंना एक विचारायचं होतं. आमच्या बोर्डावर आरसीसीबी आहे, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण दिसतं. ते कशाचं?

इमामवाडा, वायरमन

ते टेस्टचं आहे ताई. लाइन चालू असताना दाबा, खटका लगेच खाली पडला पायजे. मग वर करून द्या. किती दिवसांनी दाबायचं ते त्याच्यासोबतच्या कागदात असते. मी तर कूलर लावायच्या आधी अन् मग उन्हाळाभर दर महिन्याले दाबाले सांगतो. दाबून खटका पडला नाई तर वायरमन बोलावून तपासून घ्या, अन् तोवर कूलर लावू नका.