मदत हवी आहे: मुलगा हाक्याला जाऊन फेझंटची जोडी घेऊन आला, ते मांस धाकटीला द्यावं का?

नमस्कार. आम्ही इंग्लंडात डेव्हनमध्ये, एक्समूरच्या कडेला राहतो. घरामागे ओढा, पलीकडे शेत, आणि त्यातला बराच भाग मालकाने फेझंटसाठीच, म्हणजे शिकारीसाठी वाढवलेल्या कोंबडीसारख्या पक्ष्यांसाठी, राखलेला. उन्हाळ्यात सहा-सात आठवड्यांची पिल्लं रानातल्या जाळीच्या मोठ्या कुंपणात आणून सोडतात. वरून ते उघडंच असतं, पंखांत बळ आलं की ती बाहेर पडतात. मग लांब भटकू नयेत म्हणून गेमकीपर, म्हणजे या पक्ष्यांची राखण करणारा माणूस, निळ्या पिंपांतून गहू ठेवतो आणि उतारावरचे मक्याचे पट्टे न कापता तसेच उभे राखतो. सकाळी चहा टाकताना खिडकीतून दहा-बारा फेझंट कुंपणाकडेने चालताना दिसतात, अगदी आपल्या कोंबड्यांच्या चालीने.

गेमकीपरने माझ्या १५ वर्षांच्या मुलाला शनिवारी शिकारीत पक्षी उठवायच्या कामाला बोलावलं. इथे हे काम करणाऱ्यांना बीटर म्हणतात, पण मुलाने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून ‘हाकारे’ हाच शब्द निघाला. आजोबा लहानपणी सिंधुदुर्गातल्या गावी रानडुकराच्या हाक्याला डबे बडवत जायचे.

खाली दरीत आठ बंदूकवाले आपापल्या नंबरच्या खुंटीपाशी उभे राहतात. वरून हाकारे ओळ धरून, काठ्या आपटत मक्यातून उतरतात. घाई करायची नाही. पक्षी थोडेथोडे उठले पाहिजेत, सगळे एकदम उडाले तर तो हाका फुकट. माझ्या मुलाला कोपऱ्यावर उभं केलं होतं. पक्षी कुंपणाखालून पळून जाऊ नयेत म्हणून त्याने तासभर एकाच जागी काठी ठकठकवायची. त्याला खताच्या पिशवीचा तुकडा बांधलेली काठी दिली होती, ती त्याने घरी आणून दाराशी जपून ठेवली आहे. एवढा खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पण जाता जाता म्हणाला, “आई, पानांवर वाळू पडल्यासारखे छर्रे पडत होते.” ते ऐकल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

मजुरीबरोबर नर-मादीची जोडी मिळाली, नारिंगी सुतळीने मानेला बांधलेली. तीन दिवस गार पडवीत टांगून ठेवली. काल नराची कातडी सोलली. छातीत मोहरीपेक्षा जरा मोठे तीन छर्रे निघाले. एकाबरोबर बारीक पीस थेट मांसात ओढलं गेलं होतं.

हे छर्रे शिशाचे असतील तर काढून टाकले की भागतं का? धाकटी ४ वर्षांची आहे आणि तिला रस्सा फार आवडतो. मी दही-आलं-लसूण लावून ठेवायचं ठरवलं होतं. आणि मुलाला पुन्हा पाठवावं का? मारण्यासाठीच वाढवलेले पक्षी मला खुपतात, खोटं कशाला बोलू. पण मारलेलं खाल्लं जात असेल तर मी ते समजून घेऊ शकते. टाकून देणं मात्र मला जमणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी श्रॉपशरमध्ये आठ हंगाम हाक्याला जातोय. आधी धाकटीचं बघू. तिला देऊ नका. शिशाचा छर्रा हाडावर आपटला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात, त्यामुळे दिसणारे छर्रे काढून काम होत नाही. इथली अन्नसुरक्षा पाहणारी फूड स्टँडर्ड्स एजन्सीही लहान मुलं आणि गरोदर बायकांना जपायला सांगते. आणि दही, कोकम, चिंच लावून ठेवू नका. आंबटात शिसं जास्त उतरतं. मोठ्यांना खायचं असेल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. छाती कोरडी पडते, ती सुकी करून पटकन उतरवा. तंगड्या चिवट असतात, त्या काळ्या मसाल्यात मंद आचेवर दोन तास शिजू द्या.

२०२० मध्ये शिकारी संघटनांनी पाच वर्षांत शिशाचे छर्रे आपणहून सोडायचं ठरवलं होतं, ते पुरतं झालं नाही. म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने बंदी जाहीर केली, पण तीन वर्षांची मुदत देऊन. म्हणजे छर्रे कशाचे आहेत ते अजून विचारूनच घ्यावं लागतं. घरी एक करून बघा: छर्ऱ्याला चुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर शिसं किंवा बिस्मथसारखा दुसरा धातू.

मुलाला पाठवा, पण डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना बोळे हवेतच. हाकारे जवळ आले की कर्णा वाजतो, त्यानंतर बंदूकवाल्यांनी पुढच्या दिशेला, म्हणजे हाकाऱ्यांकडे, गोळी झाडायची नाही. हा नियम तिथे कडक पाळतात का, हे मुलाला नीट विचारा. तो १५ चा आहे, म्हणजे त्याला कामावर ठेवायला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाचा, परवाना लागेल. तो गेमकीपरनेच काढायचा असतो. आणि त्यांचा विमा हाकाऱ्यांनाही धरतो का तेही विचारा. चांगला गेमकीपर अशा प्रश्नांनी रागावत नाही. हंगाम १ फेब्रुवारीपर्यंत आहे, एखादा शनिवार हुकला तरी चालेल.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक लावून पाहिलं, तिन्हींपैकी एकही छर्रा चिकटला नाही. धाकटीला आज वरणभात. तंगड्या तुम्ही सांगितलं तशा मंद आचेवर ठेवल्या आहेत. परवाना आणि काडतुसांचं विचारायला उद्या मी स्वतः मुलाबरोबर गेमकीपरकडे जाते आहे. काय म्हणतो ते इथेच लिहीन.