विंडोज पुन्हा टाकूनही फाइली खराब होतात? आधी रॅम तपासा

विंडोज दोनदा नव्याने टाकूनही झिप फाइली उघडत नाहीत, फोटो अर्धे करडे दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या प्रश्नावर माझ्याआधी दोघांनी व्हायरस हे कारण सांगितलंय, पण मला ते पटत नाही. फॉरमॅटनंतरही दुखणं तसंच राहिलं, तर संशय हार्डवेअरवर, आणि माझा पहिला संशय रॅमवर. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथे एखादा बिट (डेटातला ० किंवा १) उलटला, तर चुकीचा डेटा डिस्कवर निमूटपणे लिहिला जातो. घरगुती पीसीत सहसा ईसीसी रॅम (अशा चुका ओळखून सुधारणारी) नसते, त्यामुळे एरर मेसेजही येत नाही.

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी रॅम नापास, 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. रॅमची एकेक स्टिक (पट्टी) काढून पुन्हा तपासा. कधी कधी दोष ती पट्टी बसते त्या स्लॉटचा निघतो.

रॅम स्वच्छ निघाली तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या ओळी पाहा, त्या डिस्कवरच्या खराब जागा मोजतात. सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढत असेल तर साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल, बदला, स्वस्तातला इलाज आहे. त्याच पीसीवर लिनक्सही असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पीसी पूर्ण बंद न करता लवकर सुरू करणारी सोय) बंद करा. ते चालू ठेवून लिनक्समधून विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर लिहिलं की फाइलसिस्टिम बिघडू शकते.

आणि रॅम तपासून होईपर्यंत चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाची) दुरुस्ती चालवू नका! रॅमच बिघडलेली असेल तर ती दुरुस्ती चांगल्या फाइलीही बिघडवू शकते. बॅकअपसुद्धा दुसऱ्या मशीनला डिस्क लावूनच घ्या.