मोठ्याने वाचून बघा

वऱ्हाडी संवाद कळत नाहीत म्हणून 'धग' ही कादंबरी अर्ध्यात सोडली, असं एका वाचकाने लिहिलंय. सुरुवातीला अडतं हे खरं, पण सोडू नका. उद्धव शेळक्यांनी १९६० साली नायिका कौतिकच्या तोंडी ती बोली ठेवली नसती, तर ती बाई इतकी खरी उतरलीच नसती.

या मे महिन्यात नागपुरात, महाल भागातल्या घरी, दुपारी कूलरसमोर बसून मी ती आईला वाचून दाखवली. मनात वाचताना मीही अडखळायचो; मोठ्याने वाचल्यावर 'काहून', 'मले', 'तुले' आपोआप जागेवर बसले. नवरा महादेव कामाची टाळाटाळ करतो, संसार कौतिकच ओढते, त्या भागात आईने थांबवलं. "माझी आत्याबाई असंच रेटायची," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुढचं पान तिनेच उघडून ठेवलं होतं.