जुनी गंजलेली गाडी: मागच्या भागाचा बाक करायचाय, सुरुवात कुठून करू?

डिकीवेडा:
बाबांची गाडी 14 वर्षं झाडाखाली उभी आहे. ती पुन्हा चालणार नाही, हे आता मान्य केलंय. पण मागची सीट, मागची काच आणि दिवे धरून अर्धी गाडी कापायची आणि तिचा बाक करायचा, असं मनात आहे. लहानपणी त्या सीटवर झोपायचो, म्हणून तिची उंची आणि कल आहे तसाच हवा. दोन दिवसांत बॉनेट आणि एकच दरवाजा निघाला. दुसऱ्याच्या बिजागरीचे दोन बोल्ट तुटले, तिसऱ्याचं डोकं गोल झालं. सरळ ग्राइंडर लावू का? टाकीत थोडं जुनं पेट्रोलही आहे.

रिंगपाना:
ग्राइंडरला अजून हात लावू नका. आधी बॅटरी काढा, मग पेट्रोल उपसून टाकी आणि तिची इंजिनपर्यंतची नळी काढा. रिकाम्या टाकीतही वाफ राहते आणि भडका उडतो तो वाफेचाच. बऱ्याच गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीखाली असते, म्हणजे नेमकी तुम्ही कापणार तिथेच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जमिनीवर सांडू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

बोल्टचं म्हणाल तर गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आतल्या आत आवळले जातात. रात्री गंज सोडवणारं तेल टाका, सकाळी डोक्यावर हातोडीचे ठोके द्या, परत तेल. सोडवण्याआधी किंचित आवळा, मग पाव आटा मागे, पुन्हा थोडा पुढे. कुरकुरला की थांबा. डोकं गोल झालेल्यावर टाकी दूर नेल्यावर एक नट वेल्ड करा. पकड मिळते आणि उष्णतेने बोल्ट सैलही होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी, म्हणजे खालची जाड लोखंडी चौकट, नसते, पत्र्याचा सांगाडाच वजन पेलतो. दरवाज्याखालचा उंबरा कापला की तो वाकतो. मी आधार न देता कापला होता. दरवाज्याची चौकट दोन बोटं दबली आणि मागची काच तडकली. इतकी वर्षं टिकलेली काच माझ्या घाईने गेली, अजून वाईट वाटतं. म्हणून कापायच्या रेषेमागे दोन्ही बाजूंच्या, छत पेलणाऱ्या खांबांना जोडणारा चौकोनी पाइप आडवा वेल्ड करा आणि एक तिरका. बाकाखालची फ्रेम पक्की झाली की मग ते काढा.

पत्रावाला:
ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा. निघालेले बोल्ट ज्या जागेचे त्या जागेच्या नावाने पिशवीत ठेवा, सीटचे तर नक्कीच.

डिकीवेडा:
टाकी निघाली, सीटखालीच होती. नट वेल्ड करून तो बोल्टही सुटला, तुटला नाही! चौकट वाकली तर कळावं म्हणून कापण्याआधी मागच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पत्र्यावर खडूने लिहिलेत. पण उजव्या बाजूला सीटचा बोल्ट बसतो तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आरपार गेला. तिथे नवा पत्रा आत्ता लावू की कापून झाल्यावर?

रिंगपाना:
आत्ताच. कापताना सगळा ताण त्याच कोपऱ्यावर येणार आहे. चांगला पत्रा लागेपर्यंत कुजका भाग खरवडून काढा, तिथून ठिगळ सुरू करा.